फिनान्सिए: बदामाचे छोटे फ्रेंच केक घरी करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या डिसेंबरात भिशीला हे केक नेले आणि तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतात. इथल्या बेळगावच्या टिळकवाडीतून, खानापुरातून, निपाणीच्या नणंदेकडून, चंदगडला दिलेल्या मैत्रिणीकडून. प्रत्येकीला वेगळं सांगून माझा घसा बसला, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. मी बेकरीवाली नव्हे, कुठला कोर्सही केलेला नाही. पण एका हिवाळ्यात वीसेक घाणे काढलेत, त्यातले सहा-सात बिघडवलेही आहेत.

हा केक नक्की कसला? मावा केकसारखा?

मावा केक फुगतो, भुसभुशीत होतो. हा तसा नाही. बाहेरून पातळ, किंचित कुरकुरीत पापुद्रा आणि आत ओलसर, दाट, बदामाचा गर. आकाराने दोन घासांचा. मैदा नावाला, बदामाची पूड भरपूर, अंड्याचा फक्त पांढरा भाग, पिठीसाखर आणि तांबूस होईपर्यंत कढवलेलं लोणी, एवढंच सामान. फेटून फेस आणायचा नाही, बेकिंग पावडर लागत नाही, आयसिंग तर नाहीच. आपल्याकडच्या खाण्यात त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर मी केकांत शोधणार नाही, बदामाच्या वडीत शोधेन.

नाव असं विचित्र का? आणि म्हणायचं कसं?

फिनान्सिए. म्हणजे पैशाच्या व्यवहारातला माणूस, सावकार म्हणा. पॅरिसमध्ये शेअर बाजाराच्या जवळ लान नावाच्या मिठाईवाल्याचं दुकान होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने हा केक सोन्याच्या लगडीच्या आकारात भाजायला सुरुवात केली, असं सांगतात. बाजारातल्या लोकांना उभ्या उभ्या खाता यावा आणि कपड्यांना बोटं पुसायला लागू नयेत, हा हेतू. म्हणून अस्सल साचा आयताकृती, कडा उतरत्या.

केक मात्र त्याहून जुना. फ्रान्सच्या पूर्वेला लोरेन प्रांतात नान्सी नावाचं गाव आहे. तिथल्या व्हिजिटेशन पंथाच्या ख्रिस्ती जोगिणी (नन) असे बदामाचे केक करायच्या, त्यांना ‘व्हिजितांदिन’ म्हणत. हा पंथ 1610 साली आन्सी गावात सुरू झाला. उरलेला अंड्याचा पांढरा भाग वाया जाऊ नये म्हणून हा केक निघाला, असं मानतात. मला हे लगेच पटलं. उरलंसुरलं वाया घालवायचं नाही, हे सांगायला आपल्या बायकांना फ्रान्सला जावं लागत नाही.

आमच्या धाकट्याला नाव जमत नाही. तो ‘बदामाच्या विटा’ म्हणतो. चालतं.

बटर जाळायचं म्हणता, म्हणजे करपवायचं का?

सगळ्या प्रश्नांत हाच खरा. बाकी काही चुकलं तर केक थोडा कमी चांगला होतो. हे चुकलं तर फिनान्सिए होतच नाही.

फ्रेंच लोक याला ‘ब्यूर न्वाझेत’ म्हणतात. न्वाझेत म्हणजे हेझलनट. त्या बीचा रंग आणि वास लोण्याला येईपर्यंत ते कढवायचं. आता ऐका. तुम्ही घरी लोणी कढवून तूप करता ना? आधी पाणी उकळतं, मोठमोठे बुडबुडे येतात, तडतड आवाज होतो. मग आवाज मंदावतो, तूप नितळ दिसू लागतं आणि तळाशी दुधाचे कण पांढऱ्याचे पिवळे, पिवळ्याचे तांबूस होतात. ती बेरी. आपण तिथे गॅस बंद करतो, तूप गाळतो, बेरीत साखर घालून पोरांच्या हातावर ठेवतो. फ्रेंच माणूस तिथेच थांबतो, पण गाळत नाही. त्याच्या लेखी केकाचा जीवच त्या बेरीत आहे.

पहिल्यांदा मी सवयीने गाळलं. हात आपोआप गाळणीकडे गेला, विचारसुद्धा केला नाही. केक दिसायला झकास झाले आणि चवीला कोरडी साखर. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, मग ओट्यावरच्या वाटीतली बेरी चाटली आणि म्हणाल्या, “चव सगळी हितं राहिली की गे!” त्या दिवशी मला हा केक कळला.

लोण्यातल्या दुधाच्या कणांत प्रथिनं असतात आणि दुधातली साखर असते. पाणी उडून गेलं की तापमान शंभर अंशांच्या वर चढतं, ही दोन्ही एकमेकांशी मिळून तांबूस होतात आणि तो खमंग वास सुटतो. कुंदा आटवताना हेच होतं. कढईत दूध आटत आटत, साखर पडून, पांढऱ्याचं तपकिरी होतं तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत जो वास येतो, तो आणि हा सख्खी भावंडं. बेळगावच्या माणसाला हा वास शिकवावा लागत नाही. म्हणून मी मैत्रिणींना रंगाचा तक्ता देत नाही. बेरी कुंद्याच्या रंगाची झाली की उतरवा, एवढंच सांगते.

दोन गोष्टी मात्र जपा. भांडं आतून चकचकीत स्टीलचं घ्या, काळ्या नॉनस्टिकमध्ये बेरीचा रंग कळत नाही आणि कळेपर्यंत ती कोळसा होते. आणि रंग आला की त्याच क्षणी दुसऱ्या भांड्यात ओता, तळ खरवडून. गॅस बंद करून तसंच ठेवलं तर भांड्याच्या उष्णतेनेच ती पुढे करपते. मी दाराची बेल वाजली म्हणून गेले आणि परत येईपर्यंत काळं झालं होतं. करपलेली बेरी कडू लागते, साखर घालून लपत नाही.

तूप कढवताना घालतो तसं विड्याचं पान घालू का?

नको. शेवग्याचा पालाही नको, हळदीची चिमूटही नको. तुपाला त्यांचा वास छान लागतो, इथे तो बदामाच्या आड येतो.

घरचं सायीचं लोणी चालेल का?

चालेल नव्हे, तेच घ्या. सायीला विरजण लावून ताक घुसळून काढलेल्या लोण्याला मुळातच किंचित आंबूस गोडी असते, ती तांबूस झाल्यावर फार सुरेख लागते. पण घरच्या लोण्यात पाणी किती आहे याचा भरवसा नसतो. विकतच्या बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो. घरच्यात ताक जास्त राहिलं असेल तर तो बराच कमी भरतो. म्हणून लोणी वजन करून घेऊ नका, कढवल्यानंतर बेरीसकट वजन करा. लोणी एकदाच पाण्याने धुवा. तीन-तीनदा धुतलं की दुधाचे कण पाण्याबरोबर निघून जातात आणि तळाला बेरीच बसत नाही.

म्हशीचं लोणी पांढरंफेक असतं, तूपही फिकट निघतं, त्यामुळे वरच्या रंगावर जाऊ नका. चमच्याने तळ ढवळून बेरीचा रंग बघा.

घरात तूप तयार आहे, त्यानेच केला तर?

तुपात दुधाचे कण उरलेलेच नाहीत, मग तांबूस काय होणार? केक होईल, चवीला सपाट होईल. हां, एक पळवाट आहे. नुकतंच तूप कढवलं असेल आणि बेरी करपलेली नसेल, तर 100 ग्रॅम पातळ तुपात तीन चमचे बेरी मिसळा. मी करून बघितलंय, जवळपास तीच चव येते. बेरी खवट वास यायच्या आत वापरा, आठवडाभर डब्यात पडलेली नको.

पिवळं, मिठाचं बटर?

अडीअडचणीला चालतं. वरून मीठ घालू नका. फेस जास्त येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. अनसॉल्टेड आता तालुक्याच्या गावांतही बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं.

नक्की प्रमाण सांगा.

साधारण सोळा ते अठरा छोट्या केकांसाठी: बदामाची पूड 90 ग्रॅम, पिठीसाखर 130 ग्रॅम, मैदा 45 ग्रॅम, मीठ दोन चिमटी, अंड्याचा पांढरा भाग 130 ग्रॅम म्हणजे मध्यम आकाराची चार अंडी, आणि बेरीसकट तांबूस लोणी 100 ग्रॅम. त्यासाठी विकतचं अनसॉल्टेड बटर 125 ग्रॅमच्या आसपास लागतं, घरचं लोणी 150 ग्रॅम घेऊन सुरुवात करा, जास्त झालं तर पोळीला लावा.

वाट्या-चमच्यांत सांगा की.

नाही सांगत. पुरणपोळीला माझा हात अंदाज घेतो, कारण तो लहानपणापासून घेत आलाय. या केकाचा अंदाज हाताला अजून नाही. छोटा डिजिटल काटा घ्या, तो बाकीच्या कामालाही येतो.

बदामाची पूड विकतची की घरची?

घरची ताजी चांगली आणि स्वस्तही पडते. साधे बदाम घ्या, मामरा नको. मामऱ्यात तेल जास्त, मिक्सरमध्ये लगेच लगदा होतो, आणि एवढा महाग बदाम भाजून काढण्यात अर्थ नाही. सालासकट केलीत तर केकाला तपकिरी ठिपके येतात, चव उलट जास्त खमंग लागते. मला सालासकट आवडते.

साल काढायची असेल तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, साल सुटते. पण मग कपड्यावर पसरून दिवसभर खडखडीत वाळवा. रात्री भिजवून सकाळी सोललेले ओले बदाम तसेच वाटले तर ती चटणी होते. ती लाडवाला चालते, याला नाही.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात बदाम आणि प्रमाणातली दोन चमचे पिठीसाखर एकत्र घाला. साखर तेल शोषून धरते. सलग फिरवू नका. एक झटका, थांबा, भांडं हलवा, पुन्हा झटका. मग रव्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेला भरडा परत फिरवा. थोडा रवाळपणा राहिला तर घाबरू नका.

बदामाऐवजी काजू? शेंगदाण्याचं कूट?

चंदगडकडचा काजू घरात पोत्याने येतो, त्यामुळे हा प्रश्न येणारच होता. काजूचा केक जास्त मऊ आणि गोड होतो, रंग लवकर चढतो, म्हणून दोन मिनिटं आधी बघा. तुकडा काजू घेतला तरी चालतो, नाहीतरी दळायचाच आहे. फ्रान्समध्येही हेझलनट, पिस्ता घालून हे केक करतातच, तेव्हा पाप लागत नाही.

शेंगदाण्याचं कूट घालून एकदा केला. भाजून, साल पाखडून, बारीक कूट करून. घरच्यांनी ताट रिकामं केलं, पण बेरीचा वास कुठे गेला ते कळलंच नाही, शेंगदाणा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो. अर्धा बदाम, अर्धा शेंगदाणा हे जमतं.

पांढरं फेटायचं का?

नाही. काट्याने किंवा हाताच्या व्हिस्करने फक्त मोडायचं, वर थोडा फेस दिसला की बस. फेटून घट्ट केलंत तर केक फुगतो, मग बसतो आणि आत भोकं पडतात.

आणि पिवळे बलक? चार-चार बलक टाकून द्यायचे?

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. कॅम्पात आमच्या ओळखीच्या एक आंटी आहेत, मूळ गोव्याच्या. नाताळात त्या बिबिंका करतात. बिबिंकात नारळाचं दूध, मैदा, साखर, तूप आणि बलक. एका बिबिंकाला दहा-बारा बलक सहज जातात आणि एकेक थर वरून आच देऊन भाजत बसायचं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ओट्यावर पातेलंभर पांढरं पडलं होतं. “घेऊन जा गे, मला कायसुद्धा उपयोग नाही,” म्हणाल्या. माझा पहिला मोठा घाणा त्या पातेल्यातून निघाला. नान्सीच्या जोगिणींची गोष्ट मी नंतर वाचली.

तेव्हा अशी शेजारीण शोधा. ती नसेल तर बलक कस्टर्डमध्ये घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या ऑम्लेटात दोन जास्तीचे फोडा. पांढरं झाकणबंद डब्यात फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, फ्रीजरमध्ये महिना-दोन महिने. बलक फ्रीजरमध्ये टाकू नका, चिकट गोळा होतो.

आमच्याकडे अंडं चालत नाही. काही मार्ग?

आपल्या भागात निम्म्या घरांतला हा प्रश्न, त्यामुळे गोडगोड उत्तर देत नाही. या केकाचा सांगाडा म्हणजेच अंड्याचं पांढरं. ते काढलं की जे होतं त्याला दुसरं नाव द्यावं.

तरी दोन गोष्टी मी करून पाहिल्यात. एक, काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी. मीठ न घालता शिजवा, पाणी वेगळं काढून चिकट होईपर्यंत आटवा आणि पांढऱ्याच्या जागी तितक्याच वजनाने घाला. पापुद्रा छान येतो, आत थोडं चिकट राहतं, म्हणून तीन-चार मिनिटं जास्त भाजा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय साच्यातून काढू नका. दुसरी, टांगलेलं दही आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर. तो बदामाचा चांगला केक होतो, चहाबरोबर पटकन संपतो. पण तो फिनान्सिए नव्हे. दोन्हीत तांबूस लोणी असतंच, म्हणजे निम्मी मजा शाकाहारी घरातही मिळते.

कृती एका दमात सांगा.

लोणी कढवून तांबूस करा, दुसऱ्या भांड्यात ओता, कोमट होऊ द्या. बदामाची पूड, पिठीसाखर, मैदा, मीठ एकत्र चाळा. त्यात मोडलेलं पांढरं घाला, गुठळ्या जाईपर्यंत ढवळा. मग बेरीसकट लोणी तीन वेळा थोडं थोडं घालत मिसळा. लोणी कडकडीत असेल तर पांढरं तिथेच शिजतं आणि पिठात पांढरे धागे दिसतात. बोट बुडवून सहन होईल इतपत हवं. मिश्रण डोशाच्या पिठापेक्षा दाट, चमच्यावरून जाड धारेने पडणारं हवं.

आता झाकून फ्रीजमध्ये. कमीत कमी एक तास, जमलं तर रात्रभर. बदाम आणि मैदा ओलावा पिऊन घेतात, लोणी थिजतं, आणि गार मिश्रण तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं की मधे छान टेंगूळ येतं. रात्री मिसळून सकाळी भाजलेला घाणा मला नेहमीच जास्त आवडलाय.

साच्याला मऊ लोणी किंवा थिजलेलं तूप नीट चोळा, कोपऱ्यांत विशेष. तीन-चतुर्थांश भरा. 200 अंशांवर बारा ते चौदा मिनिटं. कडा गडद तांबूस, मधला भाग सोनेरी, बोटाने दाबल्यावर परत वर येणारा. पाच मिनिटांनी साच्यातून काढा. साच्यातच गार केले तर तळ वाफेने ओला होतो.

लगडीचा साचा नाही. कशात करू?

छोट्या मफिनचा ट्रे उत्तम. स्टीलच्या लहान वाट्याही चालतात, एका ताटात मांडून आत सरकवा. सिलिकॉनचे साचे मला पटले नाहीत, तळाला रंग येत नाही.

आणि आप्पेपात्र! आपल्याकडे घरटी एक असतंच, कानडी शेजारणी त्यात पड्डू करतात. बिडाचं असेल आणि दांडा लाकडी किंवा प्लास्टिकचा नसेल तर ओव्हन तापतानाच ते आत ठेवा. तापलं की हातमोजे घालून बाहेर काढा, खळग्यांत तूप सोडा, गार मिश्रण निम्म्यापेक्षा थोडं वर भरा. चर्र आवाज येतो. तळाला जो पापुद्रा येतो तो विकतच्या साच्यातसुद्धा मला आला नाही. आकार लगडीचा राहत नाही, पण लगड आपल्याला मोडायची थोडीच आहे!

गॅसवर आप्पेपात्रात करायचे तर अगदी मंद आच आणि झाकण. पाच-सहा मिनिटांनी उलटा. साखर आणि बेरी दोन्ही पटकन करपतात, त्यामुळे पहिला घाणा शिकण्यासाठी धरा.

ओव्हन कुठला?

साधा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, पुरे. वरची-खालची दोन्ही कांडी चालू, मधला कप्पा, आणि पंधरा मिनिटं आधीपासून तापवलेला. बटणावर लिहिलेलं तापमान आणि आतलं तापमान यांचं पटेलच असं नाही. माझ्या ओटीजीत 200 वर ठेवलं तर आत 180 च असतं. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणल्यावर माझे फिके केक बंद झाले. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंखा वारा फिरवतो, म्हणून 190.

मधेच लाईट गेली तर?

खानापूरच्या मैत्रिणीला जून ते सप्टेंबर हीच काळजी. आठ मिनिटं उलटून गेली असतील तर दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर दहा मिनिटांत केक शिजून निघतात, फक्त रंग कमी येतो. सुरुवातीलाच गेली तर ट्रे काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि परत आल्यावर ओव्हन पहिल्यापासून तापवा. यात बेकिंग पावडर नाही, त्यामुळे थांबलेलं मिश्रण बिघडत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर ओटीजी लावू नका, तेवढा भार त्याला पेलत नाही.

कुकरमध्ये मीठ घालून?

शिजतील, पण वरून पांढरे आणि ओले राहतील. पापुद्रा नाही तर हा केक करायचा कशाला? त्यापेक्षा गॅसवर आप्पेपात्र बरं.

बेळगाव उंचावर आहे, त्याचा काही परिणाम?

साधारण साडेसातशे मीटर. या केकात फुगवणारं काहीच नाही, त्यामुळे काहीही बदलू नका.

माझे केक बिघडले. काय चुकलं?

तळाला तेल सुटलं: बदाम वाटताना तेल निघालं होतं, नाहीतर लोणी मिश्रणात नीट मिसळलं नव्हतं. फ्रीजमधून काढल्यावर एकदा हळू ढवळा.

रबरासारखे झाले: मैदा घातल्यावर फार वेळ घोटलंत, किंवा साखर कमी केलीत. ‘गोड कमी’ म्हणून साखर निम्मी करणाऱ्या बऱ्याच जणी भेटल्या. इथे साखर गोडीपुरती नसते. ओलावा तीच धरते, पापुद्राही तिचाच. 130 ची 115 करा, त्याखाली जाऊ नका.

अंड्याचा वास आला: हमखास लोणी पुरेसं तांबूस झालं नव्हतं. लोक व्हॅनिला ओततात. व्हॅनिला नको, दोन मिनिटं जास्त कढवा.

साच्याला चिकटले: कोपऱ्यांत तूप पोचलं नाही. किंवा गार होईपर्यंत काढले नाहीत.

मधे फाटले: फाटू देत. तसेच असतात.

साखरेऐवजी गूळ? एवढा ऊस आपल्या जिल्ह्यात!

निम्म्यापर्यंत गुळाची कोरडी पावडर घाला. गुळात ओलावा असतो आणि तो हवेतला ओलावाही ओढतो, त्यामुळे पापुद्रा दोन तासांत मऊ पडतो. चव मात्र झकास, बेरी-गूळ खाल्लेल्यांना लहानपण आठवेल. पूर्ण गुळाचा केला होता. डब्यात सगळे एकमेकांना चिकटून एकच मोठा केक झाला.

वर फळ लावता येईल का?

लावतात, पण कमी पाण्याचं हवं. आंबा नको, भोवतीचं पीठ कच्चं राहतं. मे महिन्यात खानापूरच्या बाजूने करवंदं येतात, ती पिकलेली, बी काढून, प्रत्येक केकावर दोन अर्धुकं. आंबटपणा बेरीला छान उठाव देतो. अंजिराची पातळ चकतीही चालते.

टिकतात किती?

पापुद्र्यासह खायचे तर भाजल्याच्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी मऊ होतात, आणि काही जणींना तेच जास्त आवडतात. हवाबंद डब्यात तीन-चार दिवस. पावसाळ्यात इथली हवा इतकी ओली असते की पापड पोळपाटावरच मऊ पडतो, तेव्हा केकाकडून कसली अपेक्षा ठेवायची? 170 अंशांवर चार मिनिटं परत तापवा आणि गार होऊ द्या, कुरकुरीतपणा बऱ्यापैकी परत येतो. पुण्या-मुंबईला पाठवायचे असतील तर पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करा, नाहीतर आत घाम सुटून बुरशी येते.

मॅडलीन म्हणजे हाच का?

नाही. तोही लोरेनचाच, कोमेर्सी गावचा, पण शिंपल्याच्या आकाराचा, अख्ख्या अंड्याचा आणि फुगलेला. त्यात बहुधा लिंबाच्या सालीचा वास असतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ‘फ्रियाँड’ म्हणून लंबगोल केक मिळतो, तो मात्र फिनान्सिएचाच भाऊ.

ऑर्डरी घेऊन विकू का?

घरून खाण्याचं काही विकायचं तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, ती आधी करा. आणि पाकिटावर हिरवा ठिपका लावू नका. अंडं आहे, त्यामुळे तपकिरी मांसाहारी चिन्हच लागतं. दिसायला हा केक अगदी साधा, बदामाच्या वडीसारखा, आणि समोरचा न विचारता तोंडात टाकतो. भिशीत माझं तेच झालं. डबा उघडल्याबरोबर एका काकूंनी उचलला, मी “काकू, अंडं आहे हो” म्हणेपर्यंत तो तोंडापाशी गेला होता. त्यांनी शांतपणे खाली ठेवला, हात धुतला आणि म्हणाल्या, “वास कुंद्याचा कसा गं मग?” त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात चण्याच्या पाण्याचे केले, वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून.